छापील कोशाची लिंक कुठून आणू?

काल संध्याकाळी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण रिसर्च सेंटरकडून परत आलं, तेव्हापासून डोकं फिरलंय. मराठी विश्वकोशातल्या नोंदीचा संदर्भ नीट दिला होता, नोंदीखाली ज्याचं नाव असतं तो लेखक, नोंदीचं शीर्षक, प्रमुख संपादक, खंड, पान, साल, सगळं. त्यावर लाल शेरा, "लिंक नाही. यूआरएल व पाहिल्याची तारीख द्यावी." अहो, मी पुस्तक पाहिलंय! छापलेलं! संदर्भ विभागातला खंड घरी मिळत नाही म्हणून दोन दिवस भर दुपारी गाडी काढून लायब्ररीत गेले, तिथे बसून हाताने उतरवून घेतलं, आणि आता उघडलीच नाही त्या वेबसाइटची तारीख टाकू? खोटं आहे ते. जे वाचलं त्याचाच संदर्भ द्यायचा, एवढंच तर आहे सगळं!

सेंटरला फोन केला तर म्हणतात, "मॅडम, टाका ना कुठलीतरी लिंक, कोण बघतंय."

कोण बघतंय म्हणूनच ही वेळ आलीय. इथूनच पास झालेल्या एका प्रबंधात तळटीपेत नुसतं "जोशी, कोश" वाचलंय मी. कुठले जोशी? विश्वकोशाचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री की भारतीय संस्कृतिकोशाचे पंडित महादेवशास्त्री? एकाचा पहिला खंड १९७६ चा, दुसऱ्याचा १९६२ चा, आणि संस्कृतिकोशाचे खंड दहा, ना साल ना पान, शोधणाऱ्याने दहाही उपसायचे का? तिथे नाही कुणी लाल पेन उचललं.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं तर बघवत नाही. कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि लोक बिनधास्त १९७५ लिहितात कारण हातात आपल्या पुण्यातलंच पुनर्मुद्रण असतं. १९७५ लिहा, लिहायलाच हवं, पान त्याचंच आहे, पण शेजारी १८५७ नको? अमुक शब्द तेव्हा असा वापरायचे हा तुमचा मुद्दाच त्या सालावर उभा आहे ना! जुन्या पुस्तकावरचं शके १८५४ तसंच्या तसं इसवी सन म्हणून छापणारेही आहेत, ७८ मिळवायला किती वेळ लागतो?

वर पद्धतींचा गोंधळ. सेंटर म्हणतं संदर्भ एपीए पद्धतीने द्या, तिच्या नियमांच्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव द्यायचं नसतं, पण सेंटरच्याच नमुन्यात गाव हवंच. मागच्या वेळी गाव नाही म्हणून प्रकरण परत, आता लिंक नाही म्हणून परत, पुढच्या वेळी काय काढतील देव जाणे.

उद्या लायब्ररी उघडल्या उघडल्या जाणार, शीर्षकपान आणि नोंदीचं पान दोन्हीची झेरॉक्स काढून त्या शेऱ्यालाच टाचणार. लिंक देणार नाही.