वजनकाट्याचं एवढं काय घेऊन बसलात?

लातूरला आमच्या जिममध्ये दर महिन्याला हेच. नवी आलेली बाई आठवडाभर घाम गाळते, काट्यावर किलोभर वाढलेलं बघते आणि दुसऱ्या दिवसापासून गायब! घरी सासूबाई तयारच: "पैसे भरून वजन वाढवून आलीस का गं माय?"

अहो, ती चरबी नाही! किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त खाव्या लागतात. नव्या व्यायामानं स्नायू सुजतात, पाणी धरतात. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, तिच्या प्रत्येक ग्रॅममागं सुमारे 3 ग्रॅम पाणी साठतं. खरा स्नायू सावकाश वाढतो, आणि चरबीपेक्षा दाट असल्यानं तेवढ्याच वजनात कमी जागा घेतो. ब्लाऊजला आतून टीप मारावी लागली, परकराची नाडी दोन बोटं जास्त आवळली, ते कुणी बघतच नाही. कंबरेला टेप लावा ना!