चाळीस मिलिमीटर

आमच्या गावच्या घरापर्यंत डांबर येत नाही. कणकवलीहून देवगडच्या बाजूला निघालं की फाट्यापर्यंत रस्ता, पुढे खडी, आणि त्याच्याही पुढे नुसती इच्छाशक्ती. शेवटचा तुकडा म्हणजे दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली, पाणंद. तिथली तांबडी माती पावसाने कधीच धुऊन नेलीय, खालचा जांभा उघडा पडलाय आणि त्यातला एक दगड बरोबर मधोमध डोकं वर काढून बसलाय. चाकं त्याच्या दोन्ही अंगांनी जातात, गाडीचं पोट मात्र त्याच्यावरून. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खर्रकन घासला की मागच्या सीटवरून आई म्हणते, "लागला." दर वेळी म्हणते. गाडीच्या मालकाला ऐकू आलं नसेल तर काय घ्या!

पहार घ्यावी आणि दगड काढून टाकावा, असं ज्याला सुचेल तो माणूस कोकणातला नाही. पाणंद सामायिक आहे. सातबाऱ्यावर जी नावं आहेत त्यातली निम्मी माणसं वारली, उरलेल्यांतली बरीचशी मुंबईत, आणि जी गावात आहेत ती एकमेकांशी बोलत नाहीत. त्यात हा दगड आमच्या आणि चुलत्यांच्या हद्दीची खूण आहे असं चुलत्यांचं म्हणणं. मी पहार नुसती हातात धरली तरी चुलतभाऊ तलाठ्याला फोन लावील. दगड चाळीस मिलिमीटर खाली न्यायचा तर गावभर सह्या गोळा करत फिरावं लागलं असतं. गाडी चाळीस मिलिमीटर वर न्यायला एकच सही पुरे होती, चेकवरची. मी फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला आणि चेंबरवरचे ओरखडे बघून "आरारारा" केलं. मला वाटत होतं, गाडी उंच करायची म्हणजे शॉकॉप, अर्थात शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मोठे टाकायचे. त्यांनी माझी शिकवणी घेतली. गाडीचं वजन तोलून धरते ती स्प्रिंग. शॉकॉपचं काम फक्त त्या स्प्रिंगचं नाचणं आवरायचं. म्हणून उंची हवी तर आधी स्प्रिंगकडे बघायचं आणि मग तिला झेपेल असा शॉकॉप निवडायचा. पुढच्या बाजूला स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे एक जाड चकती, बसवता येतो, स्वस्तात काम होतं. पण फार हावरटपणा केला तर पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन वाढतो, सांध्यावरचं रबरी बूट फाटतं, त्यातलं ग्रीस बाहेर येतं आणि धूळ आत जाते. "चाळीसच्या वर जाऊ नका," मिस्त्री म्हणाले, "त्याच्या वर गेला तर मला पैसं हुतील, तुमाला ताप हुईल." असा गॅरेजवाला मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

खरी मेख पुढेच होती. स्प्रिंग बदलली की वर जाते ती बॉडी आणि तिच्यासोबत चेंबर. आमच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे आणि त्याच्या मध्ये डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा आहे. तो चाकांनाच जोडलेला, त्यामुळे स्प्रिंग कितीही लांब टाकली तरी तो आहे तिथेच. म्हणजे दगड चेंबरला सोडणार आणि गोळ्याला धरणार. गोळा वर न्यायला टायरच मोठा हवा, दुसरा इलाज नाही.

टायरवर जे आकडे असतात त्यांच्याकडे तोवर मी गाडीच्या नंबरइतक्याच आदराने बघत आलो होतो. आमचा टायर २३५/६५ आर १७. रुंदी २३५ मिलिमीटर, त्या रुंदीच्या ६५ टक्के टायरची भिंत, आणि १७ इंचांची रिम. त्याऐवजी २४५/७० आर १७ घातला की भिंत १५३ वरून १७१ मिलिमीटरच्या वर जाते. म्हणजे गोळा साधारण १९ मिलिमीटर वर. एवढ्याचसाठी नवे पाच टायर. पाच, कारण जुनी स्टेपनी आता लहान पडणार. शिवाय स्टेअरिंग पूर्ण वळवलं की नवा टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायला लागला, ते थोडं तासावं लागलं. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग. गाडी उचलून अलाइनमेंट केली नाही तर नवा टायर एका कडेनेच झिजतो, आणि टायरचं बिल पाहिल्यावर तेवढी कड जपणं मला भागच होतं.

या टायरचा एक फायदा मात्र कोणी सांगत नाही. चाक मोठं झालं की मीटर साधारण पाच टक्क्यांनी मागे पडतो. काटा ८० वर असला तरी गाडी ८४ ने धावत असते. किलोमीटरही कमीच मोजले जातात. त्यामुळे "मायलेज पडलं की हो!" असं बायको म्हणाली तेव्हा, "पडलं नाही, मीटर कमी मोजतोय," हे अर्धसत्य मी शांत चेहऱ्याने सांगू शकलो. उरलेलं अर्धं सत्य पेट्रोलपंपावर कळतं, पण तिथे ती खाली उतरत नाही.

मेव्हणे वकील आहेत. त्यांनी जेवणाच्या पानावरच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायची नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येही हेच बजावलंय, उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच विचारील, वगैरे. मी म्हटलं, आरसीवर चेसिस नंबर आहे, व्हीलबेस आहे, रिकाम्या गाडीचं वजन आहे. पोटाची उंची कुठे आहे? त्यांनी पापलेटचा काटा काढला आणि म्हणाले, "हे कोर्टात सांगू नका." वकील नातेवाईक असला की सल्ला फुकट मिळतो, पण मासा निवांत खाता येत नाही.

चतुर्थीच्या आधी गाडी गावाला नेली. पाणंदीत शिरताना काच खाली केली, रेडिओ बंद केला. दगड आला, दगड गेला, आवाज नाही! मी मागे बघितलं. आईचा चेहरा पडला होता. इतक्या वर्षांचं तिचं एक वाक्य मी कायमचं काढून घेतलं होतं.

पण तिने ते व्याजासकट वसूल केलं. परतीच्या दिवशी खळ्यात गाडी लावली, दार उघडलं आणि आई दाराशी उभी राहिली. बॉडीचे चाळीस आणि टायरचे एकोणीस मिळून सीट जवळपास सहा सेंटिमीटर वर गेली होती. तेवढ्यानेच तिच्या गुडघ्यांचा आणि गाडीचा संबंध संपला. तिने पाय उचलून बघितला, परत ठेवला, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माका काय आता पेटयेसारखा उचलून ठेवतलंस?"

त्यात नवी स्प्रिंग कडक. रिकामी गाडी खड्ड्यातून उडते, भरलेली असली तर शहाण्यासारखी चालते. मिस्त्रींना फोन केला. "चार माणसं बशिवली की लोण्यागत चालंल बघा," ते म्हणाले. त्यांच्याच सल्ल्याने हवाही थोडी उतरवली, ३३ वरून २८ वर. तरी भागेना. मग मी माणसं जमवायला लागलो. कणकवलीला जाणारं कोणी दिसलं की थांबवायचं, गाडीत घालायचं, दारात नेऊन सोडायचं. गावात माझी कीर्ती इतकी पसरली की पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहणार आहे असं लोक बोलायला लागले. जाताना गाडी भरून जायची, पण येताना कोणी मिळत नसे. शेवटी मागे वजन म्हणून गडग्याशी पडलेले जांभ्याचे चार चिरे उचलून डिकीत टाकले. चिरा वजनाला असा आहे की स्प्रिंग ताबडतोब वठणीवर येते.

आणि त्यातूनच आईचाही प्रश्न सुटला. एक चिरा दाराशी ठेवायचा, आईने त्याच्यावर पाय द्यायचा, वर चढायचं. मग चिरा उचलून परत डिकीत. उतरताना पुन्हा तेच. चिरा उचलणारा अर्थातच मी. बाजारात गाडी थांबवून मी दगड मांडायला लागलो की लोक बाजूला उभे राहून बघतात.

परवा आईचा एक पाय चिऱ्यावर, दुसरा गाडीत, हात माझ्या खांद्यावर अशी सगळी पूजा मांडलेली असताना चुलतभाऊ पाणंदीतून आला. मधल्या दगडाकडे त्याने बघितलं, तो जागेवर होता. मग गाडीच्या उंचीकडे बघितलं, मग टायरकडे. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल. तो खाली वाकला, चिऱ्यावरचं शेवाळ अंगठ्याने खरवडलं आणि म्हणाला,

"ह्यो चिरो खंयच्या गडग्याचो रे?"