पिल्लाची आई विचारू नका

पिल्लू घ्यायचं ठरलं ना? मग घाई करा. कुत्रा चांगला बारा-पंधरा वर्षं घरात राहणार, म्हणजे निर्णयाला दहा मिनिटं पुष्कळ झाली. फोनवर टोपलीतला, रिबीन बांधलेला फोटो दिसला की पैसे पाठवून मोकळे व्हा. "जागा बघायला येऊ का?" असं मात्र विचारू नका. विकणारा आपणहून म्हणतोय, "तुम्ही कशाला त्रास घेता, अर्ध्या वाटेत भेटू." एवढी माणुसकी हल्ली राहिली आहे कुठे!

मुख्य पथ्य एकच : आई दाखवा म्हणायचं नाही. 'खाण तशी माती' वगैरे म्हणी जुन्या झाल्या. इथे झाकली मूठच बरी. आई मागच्या बाजूला असते. पिंजऱ्याला तळालाही जाळीच, म्हणजे झाडायची कटकट नाही; पंजे सोलतात, पण ते तिचे. दर माजाला गाभण राहायचं, साधारण ६३ दिवसांनी व्यायचं, पिल्लं उचलली गेली की पुन्हा तेच. इतक्या कामसू बाईचा खोळंबा तुम्ही कशाला करता? फारच हट्ट धरलात तर दाखवतीलही एखादी कुत्री. पिल्लं तिच्याजवळ फिरकत नसतील, तिला दूध नसेल, तर तो त्यांचा घरगुती मामला समजा. (इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदार किंवा दलाल विकू शकत नाही. ज्यानं ते जन्माला घातलं त्याच्याकडे जाऊन, आईसकट बघून घ्यायचं, नाहीतर निवारा केंद्रातून आणायचं. बिचारे लोक.)

पाच आठवड्यांचं मिळालं तर सोडू नका. निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्या, असं डॉक्टर म्हणतात. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू त्या दिवसांत भावंडांशी मस्ती करताना शिकतं. तो अभ्यास तुमच्या पोटरीवर होईल की.

कागद मागा, जरूर मागा. कागदावर आईबापांची नावं असतात, त्यांच्या खुब्यातला आनुवंशिक दोष दाखवणारा एक्स-रे नसतो. तो दाखवणारा ब्रीडर भेटलाच तर सावध व्हा. हा माणूस उलट तुम्हालाच विचारतो, दिवसभर घरी कोण असतं, आधीच्या कुत्र्याचं काय झालं. वर लिहून घेतो, नाही जमलं तर मलाच परत आणून द्या. शिवाय म्हणतो, थांबा, सध्या पिल्लं नाहीत. ज्याच्याकडे माल तयार नाही तो कसला व्यापारी?

निवारा केंद्राकडे तर फिरकूच नका. तिथला मोठा कुत्रा किती वाढणार, मुलांशी कसा वागतो, हे बरंचसं आधीच कळतं. मग गंमत काय राहिली? जातिवंतही सापडतात तिथे. दहा मिनिटांत निर्णय घेणाऱ्यांनीच त्यातले कितीतरी आणून सोडलेले असतात.

घरी आल्यावर चार-पाच दिवसांत उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर लागण कुठे झाली याचा हिशेब मांडत बसू नका. पार्वो या विषाणूची लक्षणं लागण झाल्यावर बहुधा आठवडाभरात दिसतात, त्यामुळे हिशेब फारच सोपा निघतो. विकणाऱ्याला फोन करून बघा, लागला तर.

आणि दुकानाच्या काचेआड एखादं मलूल पिल्लू दिसलं, जीव कळवळला, तर पूर्ण किंमत मोजून त्याची 'सुटका' करा. रिकाम्या पिंजऱ्याची काळजी तुम्ही करू नका. मागे आई आहेच.