यीस्टची उमेदवारी

सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या रसाच्या दारूला, रस आणि यीस्ट, बस, एवढंच लागतं, असं सांगणाऱ्या माणसाने यीस्ट कधी निवडलेलं नसतं.

यादीत पहिलं नाव ईसी-१११८. घराणं शॅम्पेनचं. १० ते ३० अंशांत कुठेही राबणार, १८ टक्के अल्कोहोलपर्यंत तग धरणार आणि वर ‘किलर’, म्हणजे विष सोडून परक्या यीस्टचा काटा काढणार! वाचूनच मी सावरून बसलो. पाच ग्रॅमच्या पाकिटात एवढी मर्दुमकी! मग साखर किती ते कळावं म्हणून माझ्या रसाची घनता मोजली. १.०५०. सगळी साखर संपली तरी अल्कोहोल साडेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दूध पोचवायला गिर्यारोहक नेमायचा.

त्यामानाने ७१बी मवाळ. सफरचंदाला आंबट करणाऱ्या मॅलिक आम्लाचा २० ते ४० टक्के भाग खाऊन आंबटपणा उतरवतं, फळांचा वासही छान देतं. माझं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात बायकोने रसाचा घोट घेतला आणि विचारलं, “यात आंबटपणा आहेच कुठे, उतरवायला?” खायच्या गोड सफरचंदांचा रस तो. प्रश्न रास्त होता, म्हणूनच राग आला.

‘गोडसर सायडर देणारं यीस्ट’ हाही एक लाडका शोध. सफरचंदातली जवळजवळ सगळी साखर कुठलंही धडधाकट यीस्ट फस्त करतं. गोडवा शिल्लक ठेवायची सभ्यता त्यांच्यात नाही. आणि रसात नत्र मुळातच कमी, त्यामुळे उपाशी यीस्ट चिडून सडक्या अंड्यांचा वास सोडतं. घराणं कुठलंही असो, पोषण वेगळं द्यावंच लागतं. तरी आपण वाद घालतो तो घराण्यावरूनच!

इंग्लिश एल बिअरवालं एस-०४ मला मनापासून आवडलं होतं. तळाशी घट्ट बसतं, वरचं सायडर नितळ. पण त्याला २६ अंशांच्या आत ठेवावं लागतं आणि आमच्या खोलीत २८. इतकी रात्र जागून जे ठरलं नाही, ते भिंतीवरच्या थर्मामीटरने एका नजरेत ठरवलं. गिर्यारोहकाची नेमणूक झाली.

आता पाकिटावर लिहिलंय, आधी कोमट पाण्यात भिजवा. जुनीजाणती मंडळी म्हणतात, छे, कोरडंच भुरभुरा.