टायमध्ये लपवलेला माइक

‘जुन्या हॉलिवूड संगीतपटांत नायिकांना उसना आवाज दिला जाई तो निव्वळ तांत्रिक गरजेपोटी. गाता न येणाऱ्या पुरुषांनाही तो दिला, गाणाऱ्या बायकांना मोबदला मिळाला, आणि ‘सिंगिंग इन द रेन’ने तर खऱ्या गायिकेला पडद्याबाहेर आणून न्यायच केला.’ अशा आशयाचा मजकूर बराच फिरतो. त्यातला एक मुद्दा खरा आहे. बाकीचे तपासू.

आधी तो न्याय. १९५२च्या या चित्रपटात किरट्या आवाजाच्या लीना या नटीसाठी कॅथी पडद्यामागून गाते आणि पडदा वर जाताच लीनाचं पितळ उघडं पडतं. पण दोर ओढतं कोण? नायक, त्याचा मित्र आणि स्टुडिओचा मालक. कॅथीला बेत सांगितलेलाच नसतो. तिला कराराची आठवण देऊन माइकपाशी उभं केलं जातं आणि पडदा उघडल्यावर ती रडत पळत सुटते. कॅमेऱ्यामागचा प्रकार तर त्याहून मासलेवाईक. कॅथी झालेली डेबी रेनॉल्ड्स लीनासाठी ‘वुड यू’ गाताना दिसते, पण तो गळा बेटी नॉइसचा आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. कॅथी लीनाचे संवाद बोलते, तेव्हा ऐकू येतो तो लीना झालेल्या जीन हेगनचाच नेहमीचा, भारदस्त आवाज. उसनवारी उघडी पाडणारा चित्रपट स्वतःच उसन्या आवाजावर उभा आहे.

‘तांत्रिक गरज’ हा मुद्दा ‘माय फेअर लेडी’वर (१९६४) घासून बघा. तेव्हाची रीत अशी: गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, सेटवर लाउडस्पीकरवर वाजवायचं आणि नटाने ओठ जुळवायचे. रेक्स हॅरिसन गायक नव्हता, ओळी लयीत बोलायचा, आणि तेही दर खेपेला वेगळ्या. त्यामुळे ठरलेल्या ध्वनिफितीवर ओठ जुळवायला त्याने नकार दिला. मग स्टुडिओने काय केलं? त्याच्या टायमध्ये बिनतारी माइक लपवला आणि गाणी सेटवरच थेट मुद्रित केली. ऑड्री हेपबर्नने मात्र तालीम करून गाणी मुद्रित केली होती, तरी बहुतेक ठिकाणी तिचा आवाज काढून मार्नी निक्सन या पार्श्वगायिकेचा घातला. ‘जस्ट यू वेट’ नीट ऐका, हेपबर्नचा स्वतःचा आवाज काही ओळींपुरता उरला आहे. मधेच गळा बदलतो.

हॅरिसन मोठा नट म्हणून त्याचं ऐकलं, असं कुणी म्हणेल. हेपबर्नला १० लाख डॉलर मिळाले होते, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याने ती भूमिका रंगमंचावर गाजवली होती, असंही म्हणतील. रंगमंचावर हेपबर्नची भूमिका तितकीच गाजवणाऱ्या ज्युली अँड्र्यूजला तर स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नरने चित्रपटात घेतलंच नाही. पुरुषासाठी यंत्रणा बदलली आणि बाईचा गळा बदलला, यात तंत्राची अडचण कुठे आली?

पुरुषांनाही उसना आवाज दिला, हे खरं. याच चित्रपटात जेरेमी ब्रेटसाठी बिल शर्ली गायला, ‘वेस्ट साइड स्टोरी’त (१९६१) रिचर्ड बेमरसाठी जिमी ब्रायंट. पण त्याच ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वूडला आपलाच आवाज राहणार असं वाटू दिलं होतं. तिने स्वतःच्या मुद्रणावर ओठ हलवले. चित्रीकरण उरकल्यावर निक्सनला बोलावून, पडद्यावर आधीच हललेल्या ओठांवर गाणं बसवायला लावलं. हे उलटं काम फार अवघड: श्वास नायिकेने जिथे घेतला तिथेच घ्यायचा, मग ओळ तुटो की राहो.

मोबदल्याचं म्हणाल, तर ‘द किंग अँड आय’साठी (१९५६), नायिका डेबरा करच्या जागी गाणाऱ्या निक्सनला ४२० डॉलर मिळाले, आणि वाच्यता केलीस तर पुन्हा काम मिळणार नाही अशी तंबीही. गुपित फोडलं ते डेबरा करनेच. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या तबकडीत निक्सनला वाटा नव्हता, तो संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनने स्वतःच्या हिश्श्यातून पाव टक्का दिला. आपल्याकडेही ‘महल’च्या (१९४९) तबकडीवर लताबाईंऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव होतं. पण श्रोत्यांनी विचारणा केली, नाव बाहेर आलं, आणि इथली पार्श्वगायिका नायिकेइतकीच मोठी झाली.

पावलांचंही तेच. नाच वाजत्या गाण्यावर चित्रित होई, त्यामुळे सेटवरचा टॅपचा, म्हणजे नाचताना बुटांच्या ठोक्यांचा, आवाज निरुपयोगी ठरे आणि पडद्याकडे बघत तो पुन्हा मुद्रित करावा लागे. फ्रेड अॅस्टेअर स्वतःचे टॅप स्वतः देई. त्याची जोडीदार जिंजर रॉजर्सचे मात्र हर्मीस पॅन हा नृत्यदिग्दर्शक देई.

आता ‘टू-फेस्ड वूमन’ हे गाणं घ्या. सिड चरीससाठी ‘द बँड वॅगन’मध्ये इंडिया अॅडम्सने ते गायलं, पण चित्रित होऊनही ते कापलं गेलं. एमजीएम स्टुडिओने तीच ध्वनिफीत त्याच वर्षी, १९५३ मध्ये, ‘टॉर्च साँग’मध्ये जोन क्रॉफर्डच्या तोंडी बसवली. ‘दॅट्स एंटरटेनमेंट ३’मध्ये (१९९४) दोन्ही दृश्यं शेजारीशेजारी दाखवली आहेत. दोन बायकांचे ओठ हलतात आणि गळा येतो तो तिसरीचा.