सासऱ्यांचं पोट, माझी शोभा

सासऱ्यांच्या जठरात अल्सर निघाला. गुडघ्यांसाठी महिनोन्‌महिने पेनकिलर, तीही उपाशीपोटी. दुसरं काय होणार! डॉक्टरांनी दुर्बिणीतून जखम पाहिली, गोळ्या लिहून दिल्या. पण सासऱ्यांचा हेका एकच, “अन्नच पचत नाही. ते एन्झाइमचं सिरप आण.” जावई हक्काचा हमाल. गेलो.

मेडिकलमधल्या पोराने सिरपच्या बाटल्या आणि काळ्या गोळ्यांची एक पट्टी पुढ्यात आपटली. “कुठलंही घ्या, सगळं सेमच आहे.” मी चष्मा कपाळावर सारून लेबल वाचू लागलो. ही अक्षरं छापणाऱ्याला जेवणाचं मेन्यूकार्ड याच टायपात दिलं पाहिजे. फंगल डायास्टेज सापडलं. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी माणसाने 1894 मध्ये बुरशीपासून काढलेल्या याच एन्झाइमचं पेटंट घेतलं होतं. ते पिष्ट पचवतं, फार त्रास देत नाही. त्याच्याखाली मात्र पेप्सिन. ते प्रथिनं तोडतं, आणि जठराची भिंत प्रथिनांचीच. आतून चिकट अस्तर असतं म्हणून आपण स्वतःलाच पचवून टाकत नाही. अल्सर म्हणजे तेच अस्तर फाटलेलं. तिथे वरून आणखी पेप्सिन ओतायचं?

“अल्सर असलेल्याला हे चालेल का हो?” एवढंच मी विचारलं.

पोरगा मोबाइलमध्ये. उत्तर आलं मागून. एका हातात ब्रेड, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची पिशवी घेतलेले एक काका.

“कोणाला अल्सर?”

“सासऱ्यांना.”

“हं. सगळे सासऱ्यांनाच म्हणतात. माझा साडू मूळव्याधीचं मलम शेजाऱ्यांसाठी न्यायचा.”

“अहो, खरंच सासऱ्यांना...”

“वय काय?”

“बहात्तर.”

“तुमचं विचारतोय.”

मी गप्प. काकांनी ब्रेड काउंटरवर ठेवला. म्हणजे आता बैठक बसणार.

“संडास काळी होते का?”

आवाज रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीपर्यंत गेला. आमच्याच बिल्डिंगमधल्या एक बाई उभ्या होत्या, त्या एकाएकी शाम्पूच्या पाकिटांकडे निरखून पाहू लागल्या. संताप याचा, की प्रश्न बरोबर होता. अल्सरमधून रक्त जात असेल तर शी डांबरासारखी काळी होते. मी तावातावाने सांगितलं, की या काळ्या गोळीत कोळसा आहे, त्यानेही शी काळी होते, मग रक्त जातंय की कोळसा, हे कळणार कसं?

“बघा!” काकांनी रांगेकडे तोंड फिरवलं. “सासऱ्यांच्या पोटाचा एवढा अभ्यास कोण करतो?”

रांग हसली. मग काकांनी निदान केलं, “टेन्शन. बॉस की बायको?” मी म्हटलं, पेनकिलरने होतो नाहीतर जंतूंनी होतो, बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1984 मध्ये ते जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरेनसोबत नोबेल घेतलं.

“तोही सासऱ्यांसाठीच प्यायला असेल.”

आता तो पोरगासुद्धा हसला. इतका वेळ बहिरा होता.

भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये टांगलेलं. फोटोतला माणूस दुकानात नव्हता. त्याने खरं तर अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. शेवटी मी डॉक्टरांनाच फोन लावला. ते वैतागून म्हणाले, “स्वादुपिंड एन्झाइम बनवत नसेल, त्याला लागतात ती. यांना कशाला? पॅन्टोप्राझोल, ती आम्ल कमी करणारी गोळी, नाश्त्याआधी अर्धा तास, पेनकिलर बंद, जंतूंचा रिपोर्ट आला की बघू.” हे त्यांना तपासणीच्या दिवशी सांगता आलं असतं, फी तर पूर्ण घेतली होती! आणि चिठ्ठीशिवाय, काही न विचारता ही बाटली कोणाच्याही हातात पडते. आमच्याकडे कितीतरी घरांत ती जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारीच असते.

मी फक्त पॅन्टोप्राझोल घेतलं. पैसे दिले. पोराने गल्ल्यात हात घातला, सुट्टे नाहीत म्हणाला, आणि चार रुपयांच्या बदल्यात माझ्या तळहातावर चार आंबटढाण पाचक गोळ्या ठेवल्या.

“सासऱ्यांना द्या,” काका म्हणाले.