पाळी थांबतेच असे नाही

'दंडात इम्प्लांट बसवले की पाळीची कटकट संपते' हे गर्भनिरोधक इम्प्लांटवरील लेखातील वाक्य मला खटकले, कारण त्यावर विसंबून निर्णय घेणाऱ्या स्त्रीची पहिल्याच महिन्यात घाबरगुंडी उडू शकते. या 4 सेंटीमीटर लांबीच्या, काडेपेटीतल्या काडीएवढ्या कांडीतून एटोनोजेस्ट्रेल हे एकच संप्रेरक झिरपत असते. त्याने बीजनिर्मिती थांबते, पण जोडीला इस्ट्रोजेन नसल्याने गर्भाशयाचे अस्तर पातळ आणि नाजूक होते व केव्हाही थोडेथोडे रक्त झिरपू लागते. साधारण पाचांपैकी एकीची पाळी पूर्ण थांबते हे खरे. बाकीच्यांचे वेळापत्रक मात्र कसे बदलेल हे आधी सांगता येत नाही, आणि मुदतीआधी कांडी काढून घेण्यामागे हेच सर्वांत मोठे कारण असते.

मला स्वतःला पहिले चार महिने जवळजवळ रोज डाग दिसत. दंडाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून कांडी जागेवर आहे ना, हे मी रात्री चाचपून पाहत असे, कारण असे डाग पडणे अपेक्षित असते हे कांडी बसवताना मला कोणीही सांगितले नव्हते. पुढे तीन वर्षे मी ती आनंदाने ठेवली. फिटच्या काही गोळ्या आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यांमुळे तिचा परिणाम कमी होतो, हेही लेखात यायला हवे होते. तिथे तर प्रश्न थेट गर्भ राहण्याचा आहे.